घरी केलेल्या बुरकुंडाच्या पाइपचं बूड सारखं का जळतं?

पहिले चार-पाच दिवस पाइप झकास चालतो. मग तळातून कडवट धूर यायला लागतो, दांडी वाटीत शिरते तिथं बाहेरून तपकिरी डाग उमटतो, आणि एखाद्या संध्याकाळी बुडातून निखारा थेट मांडीवर पडतो. नवं बुरकुंड आणून दुसरा पाइप केला तर तोही त्याच वाटेनं जातो. दोष मग तंबाखूवर जातो, नाहीतर जोरात ओढण्यावर. ओढण्याचा वाटा असतो, नाही असं नाही. पण महिन्यातून दोन-दोन पाइप जळत असतील तर चूक ओढणाऱ्याची नाही, पाइप करणाऱ्याची आहे. दोघे एकच असले तरी!

आधी शब्द ठरवून घेऊ. दाणे काढल्यावर मक्याच्या कणसाचा जो लाकडी भाग उरतो ते बुरकुंड. त्यात तंबाखू भरायचा खड्डा ती वाटी. वाटीला बाजूनं जोडलेली बांबूची नळी ती दांडी, आणि दातात धरायची ती तोटी.

जळलेला पाइप उभा चिरा

कचऱ्यात टाकण्याआधी जळका पाइप हॅकसॉच्या पात्यानं उभा चिरा, दांडीसकट, म्हणजे धुराचं भोक अर्ध्यात फाटून समोर दिसेल. चिरलेल्या तुकड्यात तीन थर दिसतात. मधोमध पांढरा, नखानं दाबला तर दबणारा गाभा, जोंधळ्याच्या ताटाच्या आतल्या भेंडासारखा. त्याभोवती लाकडासारखं कडक कडं. पाइप टिकतो तो या कड्याच्या जिवावर. सगळ्यात बाहेर दाण्यांच्या खोबणी आणि भूस.

आता नीट बघा. कडं बुरकुंडाच्या लांबीनं उभं जातं, पाण्याच्या नळकांड्यासारखं. आडवं कुठंच नाही. वाटी कोरताना मधला गाभा निघाला, बाजूच्या भिंती कडक मिळाल्या. पण खाली जिथं ड्रिल थांबलं तिथं उरला तो नुसता गाभाच. म्हणजे बुरकुंडाला स्वतःचं बूड नसतं. त्या भेंडावर आपण निखारा ठेवतो आणि तो वातीसारखा धुमसत जातो. सगळ्या तक्रारींचं मूळ हे. बाकीची कारणं म्हणजे त्या भेंडापर्यंत विस्तव पोचायचे वेगवेगळे रस्ते.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथं हेन्री टिब्बी या डच लाकूडकातारी कारागिराने 1869 मध्ये हे पाइप करायला सुरुवात केली आणि 1878 मध्ये बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिस भरायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. मिसूरी मीरशॉम या नावानं ते पाइप आजही निघतात. त्यांच्या चांगल्या नमुन्यांत वाटीच्या तळाला कडक लाकडाचं बूच असतं. ते शोभेचं नाही. बुरकुंडाला नसलेलं बूड त्यांनी लाकडाचं दिलेलं आहे. घरी पाइप करणारे नेमकं तेवढंच गाळतात.

चिरलेल्या तुकड्यात काळं कुठवर गेलंय त्यावरून रस्ता ओळखता येतो. तळाच्या बरोबर मध्यावर गाजराच्या टोकासारखा काळा खड्डा असेल तर तो ड्रिलच्या टोकानं केलेला आहे. दांडीच्या खालून जिभेसारखी काळी पट्टी बाहेरच्या बाजूला सरकली असेल तर जोडातून हवा चोरत होती. आणि सगळा तळ ओलसर, तपकिरी, आंबूस वासाचा, बोटानं चोळला तर धागे सुटणारा असेल तर धुराचं भोक बुडाच्या वर राहिलेलं आहे. तिन्ही एकाच पाइपात सापडले तरी नवल मानू नका.

ड्रिलचं टोक

लाकडासाठी जो चपटा बिट मिळतो त्याच्या पंखांपुढे आठ ते दहा मिलिमीटर टोक आलेलं असतं. तुम्ही मोजता ती खोली पंखांची. 48 मिलिमीटरचा तुकडा घेऊन वाटी 35 मिलिमीटर खोल कोरली तर हिशेबानं खाली 13 शिल्लक राहायला हवेत. टोक मात्र 43-45 पर्यंत जाऊन आलेलं असतं. मध्यावर उरतो तीन-पाच मिलिमीटर गाभा आणि त्यात एक अरुंद विहीर. त्या विहिरीत तंबाखूचा बारीक चुरा साठतो, तो दाबता येत नाही, विझलाय का तेही दिसत नाही.

उपाय दोन. चपटा बिटच वापरायचा तर पंख 25 मिलिमीटरवर थांबवा आणि उरलेलं धार लावलेल्या जुन्या चमच्यानं किंवा गोल पटाशीनं कोरा. नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये बिटाचं टोक ग्राइंडरवर घासून तीनेक मिलिमीटर ठेवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. 16 मिलिमीटरचं साधं ट्विस्ट ड्रिल असेल तर त्याचा शंकू पाचेक मिलिमीटरचाच असतो आणि तळही गोलसर येतो, पण ते बुरकुंडाला हिसका देऊन पकडतं. तुकडा शिकंजात लाकडी फळकुटांमध्ये धरा, बाहेरून सुतळी घट्ट गुंडाळा, वेग कमीत कमी ठेवा. सुतळी न गुंडाळता कोरलेलं बुरकुंड चिरतंच. चीर लगेच दिसत नाही एवढंच.

आणि तिसरा, खरा उपाय म्हणजे आरपार कोरायचं.

लाकडाचं बूच

बुरकुंडाचा 50 मिलिमीटरचा तुकडा घ्या आणि 16 मिलिमीटरचं भोक वरून खालपर्यंत आरपार पाडा. गाभा पूर्ण गेला, टोकाची भानगडही संपली. आता खालून बूच ठोकायचं. बाभळीची वाळलेली काठी उत्तम. कडक, दाट, आणि पंचक्रोशीत कुठंही मिळते. 15 मिलिमीटर लांब बूच करा, वरचं टोक 16 मिलिमीटरला किंचित कमी, खालचं 17 ला लागून, म्हणजे ठोकलं की आवळत जाईल. बुचाच्या अंगाला मैद्याची दाट खळ लावा आणि लाकडी हातोडीनं हलकेच बसवा. लोखंडी हातोडीचा एक जादा ठोका कडं फोडतो. आत उरलेली वाटी 35 मिलिमीटर खोल हवी. एक दिवस सावलीत वाळू द्या.

लाकूड कुठलंही चालतं असं समजू नका. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये गोंद असतो. फर्निचरच्या तुकड्याला पॉलिश किंवा वाळवीचं औषध लागलेलं असू शकतं. कण्हेर तर ना बुचाला ना दांडीला. झाड विषारी आहे आणि त्याचा धूरही. चिकाची झाडं, म्हणजे रुई, शेर, तीही लांब ठेवा. फेव्हिकॉल, अराल्डाइट, फेव्हिक्विक यांपैकी काहीही वाटीच्या जवळ नको. तापलं की त्यांचा वास तोंडात येतो, आणि तो नुसता वास नसतो. खळ जळली तर पिठाचा कोळसा होतो, इतकंच.

भोकाची उंची

इथं जवळजवळ प्रत्येक घरगुती पाइप फसतो, आणि कारण निव्वळ भूमितीचं आहे. दांडीचा बांबू बाहेरून 10 मिलिमीटर, आतलं धुराचं भोक साडेतीन मिलिमीटर. दांडी वाटीच्या तळाला टेकवून अगदी अचूक बसवली तरी भोकाची खालची कड तळापासून सव्वातीन मिलिमीटर वरच राहते, कारण मधे बांबूची जाडी आहे. या सव्वातीन मिलिमीटरातली तंबाखू कधीच नीट जळत नाही. वर जळताना तयार झालेलं पाणी आणि चिकटा तिथंच मुरतो. मग ओढताना हुक्क्यासारखी गुरगुर येते, शेवटचे झुरके आंबट लागतात. ते संपवायच्या नादात माणूस जोर लावतो, आणि भिजून मऊ पडलेला तळ त्या जोरानं करपतो. गुरगुर आणि बूड जळणं या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लोक सांगतात. कारण एकच आहे.

भोक खाली आणता येत नाही, म्हणून तळ वर आणायचा. नवा पाइप असेल तर बूचच तेवढं वर ठोका. दांडी आधी बसवा, भोकातून पाइप क्लीनर (धागा गुंडाळलेली बारीक तार) आत सारा, आणि तो आत येतो तिथं बुचाचा माथा बरोबर खालच्या कडेला लागेपर्यंत बूच सरकवा. आधीच तयार असलेल्या पाइपसाठी राखेचा गिलावा.

गिलाव्याला सिगारची राख सगळ्यात चांगली; ती वस्त्रगाळ पुडीसारख्या बारीक कणांची असते आणि वाळली की घट्ट धरते. नसेल तर पाइपातलीच पांढरी राख साठवून मलमलीतून गाळा. चहाचा पाव चमचा राख, त्यात चार-पाच थेंब पाणी. दाट उटण्यासारखं झालं पाहिजे. ओघळलं तर जास्त झालं. भोकात आधी पाइप क्लीनर घालून ठेवा, नाहीतर गिलावा आत शिरून दगड होतो आणि मग सुईनं कोरत बसावं लागतं. काडीच्या मागच्या टोकानं गिलावा तळावर दाबा, मध्ये किंचित खोलगट ठेवा, कड भोकाच्या खालच्या ओठाला लागली की थांबा. उन्हाळ्यात एक दिवस, पावसात दोन ते तीन दिवस वाळवा. वाळताना भेग पडली तर तीच राख पातळ कालवून भेगेत भरा.

तळ फारच खोल गेला असेल, सहा-सात मिलिमीटर, तर एवढी राख एकटी राहत नाही, खपल्या निघतात. तिथं चिलीम ओढणाऱ्यांची जुनी युक्ती कामाला येते. चिलमीच्या गळ्यात विस्तव अडवायला खडा असतो, तसा इथं मंगलोरी कौलाचा तुकडा. फुटलेलं कौल रंग न दिलेलं घ्या, फरशीवर पाणी घालून घासत घासत 15 मिलिमीटर रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड चकती करा, धुऊन दोन दिवस कडक वाळवा, तळात ठेवा आणि कडेनं राखेचा गिलावा द्या. भाजलेली माती विस्तवाला कंटाळत नाही आणि थोडा ओलावाही पिते.

तळाला प्लास्टर ऑफ पॅरिस भरायचा मोह होतो, कारण बाहेरून लावायला आणलेलं ते घरात असतंच. भरू नका. ते घट्ट होतं ते आत धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. शंभर अंशांच्या वर तापत राहिलं की ते पाणी उडतं आणि प्लास्टरची परत भुकटी होते. आठ-दहा वेळा ओढल्यावर तळात पांढरा भुगा दिसतो आणि तो धुराबरोबर तोंडात येतो.

चोरटी हवा

ही तपासणी प्रत्येक पाइपची, पेटवण्याआधी, रिकाम्या अवस्थेत करायची. वाटीचं तोंड अंगठ्यानं घट्ट बंद करा, तोटीतून हवा ओढा आणि भोकावर जीभ टेकवा. जीभ चिकटून क्षणभर तशीच राहिली तर जोड ठीक. लगेच सुटली तर कुठून तरी हवा येतेय. बाहेरून प्लास्टर नसलेलं बुरकुंड थोडी हवा भिंतीतूनही घेतं, त्यानं बिघडत नाही. पण दांडीच्या गळ्याशी सूं असा आवाज आला किंवा तिथं ओठ नेल्यावर गार झुळूक लागली तर तो पाइप तसाच पेटवू नका. झुरका घेतला की ती हवा लोहाराच्या भात्यासारखी नेमकी एकाच जागी निखाऱ्यावर बसते. बाकी वाटी सावकाश जळते, ती एक जागा लाल होते. दांडीखालची जिभेसारखी काळी पट्टी आठवा.

दांडी काढा (पाइप गार असताना), तिच्या शिरणाऱ्या टोकाला सुती धागा एकेरी, दाट गुंडाळा, त्यावर खळ चोपडा आणि फिरवत बसवा. ढकलू नका, फिरवा. दहा-बारा वेढे पुरतात. फार झाले तर बुरकुंड आतून फुगून चिरतं. खळ वाळली की पुन्हा जिभेची परीक्षा. मार्च ते मे या दिवसांत बांबू आणि बुरकुंड दोन्ही आकसतात आणि उत्तम बसलेला जोडही सैल होतो, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तपासा. पावसात उलट होतं. सगळं फुगून बसतं, तेव्हा दांडी काढायच्या भानगडीत पडू नका.

दांडीसाठी बुरुडाकडून बारीक, भरीव जातीचा बांबू मागा, मेस चालते. भोक तीन ते चार मिलिमीटरच हवं. भोक रुंद असलं की धुराचा वेग मंदावतो, तो गार पडतो आणि त्यातलं पाणी नळीतच सुटतं. पेरावरचा पडदा तापलेल्या सायकलच्या आरीनं फोडा आणि आतल्या भिंतीवरचं कागदासारखं पातळ साल खरवडून काढा. ते राहिलं तर ओलं होऊन भोकात लोंबतं आणि ओढ अडकते. पीव्हीसीची नळी, पेनाची कांडी, सलाइनची नळी यांचा विचारही नको. तोटी तयार मिळाली तर बरी, नाही तर बांबूचंच टोक तासून घ्या.

मुळात बुरकुंडच चुकलं असेल तर

रंकाळ्यावर भाजलेलं कणीस खाऊन उरलेलं बुरकुंड खिशात घालून आणणारे पुष्कळ. त्याचा पाइप होत नाही. ते कणीस दुधात असताना तोडलेलं असतं, बुरकुंड हिरवं आणि पाण्यानं भरलेलं. वाळताना ते आकसतं, वाकतं, आणि कडं लाकडासारखं होतच नाही. स्वीट कॉर्नचं त्याहून वाईट, त्यात साखरही असते. पाइपला लागतो कोंबडीखाद्याचा साधा मका, ताटावरच पूर्ण वाळलेला, पानं पिवळी पडून दाणा नखाला दाद देत नाही असा. मळणी यंत्रातून आलेली बुरकुंडं बहुतेक तडकलेली असतात, म्हणून शेतकऱ्याला सांगून दहा-बारा कणसं हातानं सोललेली घ्या.

सोललेल्या बुरकुंडाची जाडी बुडाकडच्या भागात निदान 28 मिलिमीटर हवी. 16 ची वाटी गेली की दोन्ही बाजूंना सहा-सहा उरतात. आपल्याकडच्या संकरित वाणांची बुरकुंडं बहुधा 22 ते 28 च्या दरम्यान भरतात, त्यामुळे निवडूनच घ्यावी लागतात. मिसूरीत पाइपसाठी म्हणून जाड बुरकुंडाचं वेगळं वाण लावतात. बारीक बुरकुंडच मिळत असेल तर वाटी 14 ची करा, पण भिंत पाचाच्या खाली नेऊ नका. काळी-हिरवी बुरशी धरलेलं एकही बुरकुंड घेऊ नका, वाळवून ती जात नाही.

वाळवणं म्हणजे चार दिवस गच्चीवर टाकणं नव्हे. तिकडचा कारखाना बुरकुंडं दोन वर्षं मुरवतो. इतका धीर नसेल तर खरिपाची कणसं सप्टेंबर-ऑक्टोबरात आणून, दोरीत ओवून, माळ्यावर हवेशीर सावलीत टांगा आणि मार्च-एप्रिलपर्यंत हात लावू नका. उन्हात टाकली की बाहेरून आधी आकसतात, आत ओल राहते, आणि मधोमध उभी चीर जाते. झालं की नाही ते वजनावर ठरवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर पंधरवड्याला त्याच बुरकुंडांचं वजन करा. लागोपाठ दोनदा तेच आलं तर तयार. दोन बुरकुंडं एकमेकांवर आपटली तर टाळ वाजल्यासारखा कोरडा आवाज येतो, ओल्याचा आवाज बसका.

पावसाळ्यात पाइप करायला घेऊ नये. मे महिन्यात ठणठणीत असलेलं बुरकुंड जुलैत हवेतलंच पाणी पितं. गगनबावड्याकडे तर भिंतींनाही पाझर असतो, तिथं बुरकुंडाची काय कथा. एप्रिलमध्येच पाच-सहा वाट्या कोरून, बुचं ठोकून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

बाहेरचं प्लास्टर

हे नुसतं दिसण्यासाठी नाही. खोबणी भरल्या की भिंतीतून येणारी हवा थांबते आणि भुसाला ठिणगी लागत नाही. पेठेत गणपतीच्या मोसमात प्लास्टर सुटं मिळतं. 100 ग्रॅमला 65 ग्रॅमच्या आसपास पाणी, आणि पाण्यात प्लास्टर टाकायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. दहा मिनिटांत उरकेल इतकंच कालवा. हमखास येणारी अडचण म्हणजे वाळल्यावर प्लास्टर खडूसारखं हाताला लागतं. कोरडं बुरकुंड प्लास्टरमधलं पाणी शोषून घेतं आणि ते घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. लावण्याआधी बुरकुंडावर ओला कपडा एकदा फिरवा. तीन दिवस वाळवून 120 आणि मग 220 नंबरच्या काचपेपरनं घासा. वरून पॉलिश, लाख, मेण काही नको. तापल्यावर सगळं चिकट होतं.

पहिले दहा दिवस

नव्या वाटीत आतून एक पातळ हात द्या. टांगून पाणी काढलेला चक्का एक चमचा आणि लाकडी कोळशाची मलमलीतून गाळलेली पूड अर्धा चमचा, बोटानं भिंतीला नखाएवढ्याही जाडीचा नको, नुसता काळा रंग दिल्यासारखा. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा चालतो, दगडी कोळसा नाही. तीन दिवस वाळवा. आंबूस वास पहिल्या पेटवणीत जातो. यानं कच्ची भिंत थेट निखाऱ्याला लागत नाही आणि पुढं कोळशाचा थर लवकर धरतो.

पहिले चार-पाच वेळा वाटी अर्धीच भरा. बुरकुंडाची एक खोड लक्षात ठेवा: ते उष्णता अडवतं. ब्रायर लाकडाचा पाइप तापला की हाताला कळतं. बुरकुंड बाहेरून कोमट असतानाच आत भिंत जळत असू शकते. गालाला लावून चटका बसला तर फार उशीर झाला. हाताला गरम लागताक्षणी खाली ठेवा, विझू द्या. विझलेला पाइप पुन्हा पेटवण्यात काही कमीपणा नाही.

तंबाखूबद्दल दोनच गोष्टी. निपाणीची विडीची तंबाखू स्वस्त आणि हाताशी असली तरी पाइपात ती बारीक चुरा होऊन भोकातून तोंडात येते, भराभर जळते, आणि कडक इतकी की डोकं गरगरतं. पाइपची म्हणून मिळते ती लांब कापाची घ्या. चिमटीत दाबून सोडली तर गोळा हळूहळू उमलला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओली आहे; कागदावर पसरून वीस-तीस मिनिटं पंख्याखाली ठेवा. सुवासिक तंबाखूत ओल धरून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, ती पंख्याखाली तासभर ठेवली तरी पूर्ण सुकत नाही, म्हणून पावसात ती नकोच. भरताना खाली सैल, मध्ये बेताची, वर जरा दाबून. रिकामी ओढ घेतली तर स्ट्रॉनं सरबत ओढल्याइतकाच अडथळा जाणवावा. आणि पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

सफाई आणि विसावा

राख झाडायची ती तळहातावर. दगडी कठड्यावर आपटलेला पाइप दांडीच्या गळ्याशी मोडतो. आत चाकू घालून खरवडू नका, चाकूपुढे कडं मऊच असतं, सपासप निघतं. कागदी रुमालाची वळकटी फिरवली की पुरे. दांडीतून पाइप क्लीनर घालून तळापर्यंत न्या आणि पाइप पूर्ण गार झाल्यावर काढा. हस्तकलेच्या दुकानातले रंगीत मऊ तारवाले दिसायला तसेच असतात, पण त्यांचा धागा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, ओल नीट पीत नाही. काहीच नसेल तर कोंबडीचं लांब पीस धुऊन वाळवून वापरा, काम चोख होतं. पाण्यानं धुऊ नका. रॉकेल आणि स्टोव्हचं स्पिरिट तर मुळीच नको, त्या स्पिरिटात मिथेनॉल असतं.

एकदा ओढलेल्या पाइपला उन्हाळ्यात एक दिवस, पावसात दोन-तीन दिवस विसावा द्या, वाटी खाली आणि तोटी वर करून. म्हणजे रोज ओढणाऱ्याला जूनपासून तीन-चार पाइप लागतात. एकच पाइप सकाळ-संध्याकाळ ओढायचा तर वर सांगितलेलं सगळं करूनही महिन्याभरात तळ भिजणारच.

दुरुस्त होतो की टाकायचा हे दात कोरायच्या काडीनं ठरवा. टोचल्यावर तळ टक्क लागला तर वर काळं असू दे, चिंता नाही. काडी भुसभुशीतपणे आत गेली तर कडक लागेपर्यंत खरवडा आणि राखेचा गिलावा भरा. खरवडताना काडी दांडीच्या खालून बाहेरच्या प्लास्टरपर्यंत पोचली, किंवा भिंतीवरचा तपकिरी डाग अंगठ्यानं दाबल्यावर आत दबला, तर तो पाइप संपला. दांडी आणि तोटी काढून घ्या, पुढच्या वाटीला तीच चालतात.